ढोलीचा हिशेब

शहरातील झाडे तोडण्याचा प्रश्न निघाला म्हणजे नागरिकांपुढे दोन आकडे ठेवले जातात. किती झाडे जाणार हा पहिला आणि त्यांच्या बदल्यात किती लावणार हा दुसरा. दुसरा आकडा पहिल्याहून पुष्कळ मोठा असतो, आणि तो ऐकून विचारणाऱ्याने मुकाट्याने घरी जावे अशी अपेक्षा असते. पुणेकर अलीकडे तसे घरी जात नाहीत, ही समाधानाची गोष्ट होय. नदीकाठच्या झाडांसाठी २०२३ च्या एप्रिलअखेरीस येथील नागरिक भर उन्हात रस्त्यावर उतरले. गणेशखिंड रस्त्याच्या रुंदीकरणात जाणाऱ्या जुन्या वृक्षांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. तथापि या साऱ्या वादात दोन्ही बाजू बहुधा झाडांची संख्याच मोजीत राहिल्या. जुन्या झाडात अशी एक वस्तू असते की जी रोपाबरोबर लावता येत नाही, विकत आणता येत नाही आणि कंत्राटदाराकडून मुदतीत पुरी करून घेता येत नाही. ती वस्तू म्हणजे झाडाची ढोली. तिचा हिशेब आपण ठेवीत नाही, आणि तो न ठेवल्यामुळे या शहरातील पोपट हळूहळू बेघर होत आहेत, याकडे आम्ही आज वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

पोपट म्हटला की आपल्याला एकच पक्षी आठवतो; पण पुण्याच्या परिसरात त्याच्या निरनिराळ्या जाती नांदतात. गळ्याभोवती गुलाबी कंठ असलेला राघू सर्वांच्या परिचयाचा. टेकड्यांवर आणि घाटाच्या बाजूला जांभळट लाल डोक्याचा, चणीने लहान असा तुईया आढळतो. आणि या दोहोंहून थोर, शेपटीसकट जवळजवळ दोन फूट लांब, खांद्यावर तांबडा पट्टा मिरविणारा तो पहाडी पोपट. विद्यापीठाच्या आवारात किंवा एम्प्रेस बागेत सकाळी कान देऊन ऐकले तर राघूच्या किरट्या स्वराहून निराळी अशी त्याची भरदार, घोगरी हाक ओळखता येते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने या पहाडी पोपटाची नोंद ‘संकटसमीप’ या वर्गात केली आहे. म्हणजे संकटग्रस्तांच्या यादीत तो अद्याप गेला नसला तरी तिच्या उंबरठ्याशी येऊन उभा आहे. त्याची कारणे मुख्यतः दोन सांगितली जातात. पिंजऱ्यासाठी होणारी पिलांची चोरी हे एक, आणि ज्यांत तो घर करतो त्या मोठ्या जुन्या झाडांचा ऱ्हास हे दुसरे.

पोपटाला घरटे बांधता येत नाही, ही त्याच्या संसारातील मूळ अडचण होय. सुगरणीची कारागिरी त्याच्यापाशी नाही आणि कावळ्याप्रमाणे चार काटक्या रचून भागविणेही त्याला ठाऊक नाही. त्याला आयती पोकळी लागते. चोचीने तो ती थोडीफार कोरून रुंद करील. परंतु टणक लाकडात नवी खोली खोदणे सहसा त्याच्या आटोक्याबाहेरचे. म्हणून सुताराने किंवा तांबटाने खोदून सोडलेले भोक, अथवा झाडाच्या वार्धक्याने आपोआप पडलेली ढोली, यांवाचून त्याला गत्यंतर नसते. लहान चणीच्या पक्ष्याचे लहान भोकात भागते. पहाडी पोपटाएवढ्या पक्ष्याला मात्र ऐसपैस आणि खोल ढोली हवी, आणि तशी ढोली ज्याच्या खोडात मावेल ते झाड तितकेच थोर असले पाहिजे.

ही ढोली पडते कशी, हे समजून घेणे अगत्याचे आहे. एखाद्या वादळात फांदी मोडते आणि खोडाला जखम होते. तरुण झाड ती जखम भरून काढते. वयस्क झाडाला ते साधत नाही. पावसाचे पाणी आत मुरते, बुरशी शिरते, वाळवी लागते, आणि वर्षानुवर्षे आतला गाभा कुजत जाऊन पोकळी वाढत राहते. येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. झाडाचा गाभा हा त्याचा मृत भाग असतो. जिवंत भाग म्हणजे सालीखालचा बाहेरचा थर. अन्न आणि पाणी वाहते ते त्यातून. त्यामुळे आतून पोकळ झालेला वड, चिंच किंवा आंबा वर्षानुवर्षे हिरवागार उभा राहतो, फळतो आणि सावली देतो. पोकळ झाड मेलेले असते हा आपला सार्वत्रिक समज चुकीचा आहे. ते म्हातारे झालेले असते, इतकेच. आणि त्याच्या त्या म्हातारपणातच दुसऱ्या जिवांचा आसरा तयार झालेला असतो. तो तयार व्हावयास दहापाच वर्षे पुरत नाहीत. झाडाची जात, माती आणि हवापाणी यांप्रमाणे काळ कमीजास्त होईल. परंतु मोठ्या पक्ष्याला पुरेल अशी ढोली पडण्यास सामान्यतः अनेक दशके लागतात.

अशा एका ढोलीवर हक्क सांगणारे पुष्कळ. साळुंकीला ती हवी, पिंगळ्याला हवी, दयाळालाही हवी. पुण्यातल्या जुन्या बागांतून दिसणारा राखी धनेश तर तिच्यावाचून पिलेच वाढवू शकत नाही. त्याची मादी ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते; केवळ एक फट ठेवते, आणि तेवढ्यातून नर तिला आणि पुढे पिलांना भरवितो. आत असताना तिच्या पंखांची पिसे गळून पडतात, त्यामुळे त्या दिवसांत तिला उडताही येत नाही. असे झाड त्या काळात तोडले गेले तर आतल्या जिवांचे काय होत असेल, हे आम्ही सांगावयास नको. ढोल्या मुबलक असतात तेव्हा हे सारे शेजारी गुण्यागोविंदाने राहतात. त्या कमी झाल्या की भांडणे लागतात, आणि ज्याला मोठी खोली हवी असते त्याचे हाल प्रथम होतात.

“राघूंचे थवे तर आम्हाला रोज संध्याकाळी दिसतात, मग ही चिंता कशासाठी?” असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. राघू हा तडजोड करणारा पक्षी आहे. जुन्या इमारतीच्या भिंतीतील भोकात, वठलेल्या माडाच्या शेंड्यात, पुलाच्या सांदीतही तो पिले काढतो. त्याच्यावरून सर्वांचे अनुमान करता येत नाही. शिवाय पोपट हा दीर्घायुषी पक्षी आहे. त्याला पिले होण्याचे थांबले तरी आकाशातले थवे पुढे बरीच वर्षे जसेच्या तसे दिसत राहतात. ज्या गावातली शाळा बंद पडली आहे त्या गावातही म्हातारी माणसे पारावर बसलेली दिसतातच. त्यावरून गाव भरले आहे असे कोणी म्हणत नाही. पक्षी दिसतो की नाही हा अर्धा प्रश्न झाला. त्याचा वंश येथे वाढतो की नाही, हा खरा प्रश्न.

आता पुण्याकडे पाहू. या शहराची जुनी झाडे काही थोड्या ठिकाणी साचून राहिली आहेत. पूर्वीच्या गव्हर्नरांच्या निवासाभोवतीचे, आज विद्यापीठाचे असलेले चारशे एकरांहून मोठे आवार, एम्प्रेस बाग, लष्कर भागातील बंगल्यांचे रस्ते, आणि १८७३ साली स्थापन झालेले गणेशखिंडीचे वनस्पती उद्यान ही त्यांतली प्रमुख. हे उद्यान २०२० साली राज्य शासनाने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले, याबद्दल शासनाचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु या बेटांच्या बाहेर काय चालले आहे? प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता, विधी महाविद्यालय रस्ता येथील बंगले जाऊन त्यांच्या जागी उंच इमारती आल्या आणि आवारांतले आंबे, बकुळी, पर्जन्यवृक्ष तळघरातील वाहनतळांच्या पोटी गेले. सोलापूर, सातारा, नगर या दिशांना जाणाऱ्या जुन्या रस्त्यांवर दुतर्फा वडांच्या रांगा होत्या. रस्ते रुंद होत गेले तसतशा त्या रांगा तुटत गेल्या. महापालिकेच्या वृक्षगणनेतील झाडांचा आकडा लाखांच्या घरात आहे, हे खरे. त्यात टेकड्यांवर लावलेल्या गिरिपुष्पाचा वाटा केवढा मोठा आहे, हेही तितकेच खरे. गिरिपुष्पाच्या मनगटाएवढ्या फांदीत पहाडी पोपटाचा संसार मांडता येत नाही.

कायदा याबाबत अगदी मुका आहे असे नाही. महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांच्या रक्षणासाठी १९७५ चा अधिनियम आहे. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला ‘प्राचीन वृक्ष’ असा दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावावीत असा नियम झाला. झाडाचे वय ही काही किंमत असलेली गोष्ट आहे, हे कायद्याने प्रथमच मान्य केले, आणि ते आम्ही मोलाचे मानतो. पण नियमाचे गणित जरा तपासून पाहा. ऐंशी वर्षांचा वृक्ष तोडला आणि ऐंशी रोपे लावली. कागदावर जमा-खर्च जुळला. पोपटाच्या दृष्टीने मात्र त्याची एक खोली गेली आणि तिच्या बदल्यात ऐंशी हुंड्या मिळाल्या. त्या वटावयाच्या त्याच्या कित्येक पिढ्या उलटून गेल्यावर! ऐंशी बालके मिळून एक आजोबा होत नाहीत, हे कोणत्याही घरातले पोर सांगेल. ‘एक तोडू, दहा लावू’ ही घोषणा आता इतक्या वेळा घोकली गेली आहे की पोपटपंची हा शब्द पोपटापेक्षा आपल्यालाच अधिक शोभावा.

याहून गंभीर अशी एक विसंगती आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले पोपट संरक्षित आहेत, आणि त्या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी यांना उपद्रव देणे याचाही समावेश आहे. म्हणजे ढोलीत अंडी असलेले झाड तोडणे हे एका कायद्याने शिकार ठरू शकते, आणि दुसऱ्या कायद्याखाली तेच झाड तोडण्याची परवानगी रीतसर मिळते. परवानगीसाठी येणाऱ्या अर्जात झाडाची जात, घेर, उंची आणि वय येते. “या झाडात ढोली आहे काय, आणि ती कोणाची?” हा साधा प्रश्न ज्या अर्जात नाही, तो अर्ज आमच्या मते अपुरा आहे.

यावर महत्त्वाचा आक्षेप येईल तो सुरक्षिततेचा, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. दर पावसाळ्यात या शहरात झाडे कोसळतात. वाहने चिरडतात, माणसेही दगावतात. ज्या घरातला माणूस असा गेला त्या घरापुढे पोपटाची कैफियत मांडणे हे निष्ठुरपणाचे होईल. मनुष्याचा जीव प्रथम, याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. परंतु पोकळ झाड म्हणजे पडणारे झाड, हे समीकरण बरोबर नव्हे. किती पोकळी, कोणत्या उंचीवर, बाहेरचे लाकूड किती जाड उरले, मुळे शाबूत आहेत काय, हे तपासून ठरविण्याचे शास्त्र आहे. आपल्याकडे झाडे पडतात ती पुष्कळदा निराळ्या कारणांनी. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतून आपण त्यांचा श्वास कोंडतो. नळ, तारा आणि गटारे यांसाठी दरवर्षी चर खणून त्यांची मुळे तोडतो. एकाच बाजूच्या फांद्या छाटून त्यांचा तोल घालवितो. मग एके दिवशी झाड पडले की त्याच्या म्हातारपणाला दोष देऊन मोकळे होतो. जेथे धोका खरा असेल तेथेही झाड मुळापासून काढणे हा पहिला उपाय नसावा. माथ्याचा भार कमी करणे, फांद्यांना आधार देणे, प्रसंगी वरचा विस्तार उतरवून दहा-पंधरा फुटांचे खोड उभे ठेवणे, हे मधले मार्ग आहेत. मुळे आणि बुंधा भक्कम असेल तर असे खोड कोणाच्या अंगावर येत नाही, आणि ढोली शाबूत राहते.

वेळेचाही विचार करावयास हवा. आपल्याकडे पोपटांचा विणीचा हंगाम साधारणतः डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत चालतो. अंडी उबविण्यास तीन-साडेतीन आठवडे आणि पिले बाहेर पडण्यास त्यापुढे सहा-सात आठवडे जातात. धनेशाचा हंगाम त्याच्या थोडा मागून, ऐन उन्हाळ्यात येतो. आणि महापालिकेची पावसाळापूर्व छाटणी केव्हा होते? नेमकी एप्रिल-मे महिन्यांत! यात कोणाचा दुष्ट हेतू आहे असे नाही. पंचांगे दोन आहेत आणि ती कोणी एकमेकांशी ताडून पाहिलेली नाहीत, एवढेच. जुन्या, ढोली असलेल्या झाडांची छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात केली तर खर्च एका पैशाने वाढणार नाही आणि किती तरी पिले वाचतील.

ही अडचण आपलीच आहे असे नव्हे. ब्राझीलच्या पॅन्टानल या पाणथळ प्रदेशात हायसिंथ मकाव हा प्रचंड निळा पोपट राहतो. त्याची बहुतेक सर्व घरटी मांडुवी नावाच्या एकाच जातीच्या झाडात असतात. ही मांडुवी म्हणजे आपल्या डोंगरांतील पांढऱ्या बुंध्याच्या कांडोळाची भावकीच. साठ वर्षांहून लहान मांडुवीत त्या पोपटाजोगती ढोली सापडत नाही. पिंजऱ्यांसाठी चाललेली चोरी आणि कुरणांसाठी चाललेली तोड यांमुळे तो नाहीसा होण्याच्या वाटेवर होता. तेथे नेइवा गेदेस या जीवशास्त्रज्ञ बाईंनी १९९० साली काम सुरू केले. त्यांनी ढोल्यांची एकेक करून नोंद ठेवली, मोडक्या ढोल्या दुरुस्त केल्या, लाकडी पेट्या झाडांवर बसविल्या आणि ज्यांच्या जमिनीवर ती झाडे होती त्या पशुपालकांना या कामात ओढले. पोपटांची संख्या पुन्हा वाढली. यातून घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. प्रयत्न केला तर पक्षी परततो, हा एक. पेटी ही तात्पुरती सोय आहे, आणि तिच्या जोडीने जुनी झाडे राखली नाहीत तर ती पेटी माणसाने जन्मभर सांभाळीत बसावी लागते, हा दुसरा.

परंतु परदेशाचे दाखले देण्याची आपल्याला वास्तविक गरज नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा उल्लेख झाडांच्या प्रत्येक सभेत होतो, आणि तो योग्यच आहे. आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरासारखी वाढविलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही, हे त्या थोर मुत्सद्द्याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ओळखले होते. मात्र त्याच आज्ञेत जीर्ण होऊन कामातून गेलेले झाड धन्याच्या संमतीने आणि मोबदला देऊन तोडण्यास मुभा आहे, याची आठवण कोणी काढीत नाही. अमात्यांना दोष देण्याचे कारण नाही; त्यांना आरमारासाठी लाकूड हवे होते आणि रयतेवर जुलूम होऊ नये याची काळजी होती. पण उपयोग सरला की झाड सरले, हा व्यवहाराचा नियम आपण पुढे चालविला आणि त्यामागची कणव तेवढी सोडून दिली.

याच मुलखात त्याहून जुना असा दुसरा नियम आहे, तो देवराईचा. मुळशी, वेल्हे, भोर या मावळी भागातील देवराया पुण्याच्याच डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात हिंडून अभ्यासल्या आणि जगाच्या नजरेस आणल्या. देवराईत जिवंत झाडाला कुऱ्हाड लावावयाची नाही, हे तर झालेच. पण परंपरेची कडक राई असेल तर पडलेली वाळकी काटकीदेखील घरी न्यावयाची नाही. वठलेले झाडही देवाचेच. त्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या माणसांना बुरशीचे शास्त्र ठाऊक नव्हते. परंतु निरुपयोगी दिसणारे झाड कोणाच्या तरी उपयोगाचे असते, एवढे त्यांच्या नियमाने गृहीत धरले होते. धनेशासारखे थोर पक्षी सह्याद्रीत आज जेथे टिकून आहेत, त्या जागांत अशा राखलेल्या रायांचा वाटा मोठा आहे. शहराने देव कोणता मानावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. नियम मात्र हा उचलण्याजोगा आहे.

म्हणून महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणापुढे आम्ही काही स्पष्ट मागण्या मांडतो. झाड तोडण्याच्या व छाटण्याच्या प्रत्येक अर्जात ढोलीचा रकाना असावा आणि पाहणी करणाऱ्याने तो भरल्यावाचून परवानगी निघू नये. ढोली वापरात असेल तर पिले उडेपर्यंत काम थांबावे. प्राचीन वृक्षांची प्रभागवार नोंदवही करून तीत ढोल्यांची नोंद व्हावी. हे काम करण्यास शहरातील महाविद्यालयांचे विद्यार्थी आणि पक्षिनिरीक्षक आनंदाने पुढे येतील. जुन्या झाडांच्या छाटणीचा हंगाम पावसाळ्यानंतर न्यावा. आणि उद्यानांच्या कोपऱ्यांत व टेकड्यांवर, जेथे खाली वर्दळ नाही, तेथील वठलेली झाडे ‘साफसफाई’च्या नावाखाली काढू नयेत. यांतील एकाही मागणीसाठी नवा कायदा लागत नाही, मोठा निधी लागत नाही.

शेवटी दोन शब्द आपल्या स्वतःविषयी. आपल्यापैकी पुष्कळांना पोपट आवडतो, तो पिंजऱ्यात. देशी पोपट पाळणे आणि विकणे हा गुन्हा असूनही ‘मिठू’ अद्याप चाळींच्या आणि सदनिकांच्या गॅलऱ्यांतून टांगलेला दिसतो. तो पिंजऱ्यात कसा येतो, याची चौकशी आपण करीत नाही. पिलू हाताला लागावे म्हणून चोर ढोलीचे तोंड कुऱ्हाडीने फोडतो. म्हणजे एका हंगामाच्या पिलांबरोबर पुढल्या कित्येक हंगामांचे घरही नाहीसे होते. ज्यांनी मिठूला मिरची भरविली आणि आवारातला जुना आंबा ‘कचरा फार करतो’ म्हणून सभेत ठराव करून तोडला, अशी माणसे आपल्या सुशिक्षित वस्त्यांत थोडी नाहीत. पुढल्या वेळी झाडावर नोटीस लागेल तेव्हा नुसते खोड पाहून परतू नका. मान वर करा, ढोली शोधा, सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ थांबून तीत कोण ये-जा करतो ते पाहा आणि ते लिहून हरकत नोंदवा. पक्ष्याला अर्ज करता येत नाही. त्याच्या वतीने तो आपण करावयाचा आहे, आणि त्याची मुदत फार थोडी असते.